डिचोलीत बसून अमेरिकेचा 'प्लेयर ऑफ द इयर' कसा निवडायचा

बास्केटबॉलच्या अधिकृत स्कोअरशीटवर रिबाउंडला, म्हणजे नेम चुकून परत आलेला बॉल पकडण्याला, जागा नसते. कोणी किती पॉइंट केले, कोणाचे किती फाउल झाले, टाइमआउट कधी घेतला, एवढंच त्या कागदावर येतं. मी डिचोली तालुक्यात शाळेत पीटी शिकवते आणि गेली बावीस वर्षं गोव्यात जिथे बोलावतील तिथे स्कोअररच्या टेबलावर बसते. त्यामुळे हा कागद मला पाठ आहे, आणि त्यात काय येत नाही तेही.

काही वर्षांपूर्वी मुलींच्या एका आंतरशालेय स्पर्धेची फायनल होती. एका संघातली नऊ नंबरची मुलगी, अंगानं बारीक, सबंध सामना रिंगखाली पाय रोवून उभी होती. समोरच्यांचा नेम चुकला की बॉल हिच्या हातात. हरलेल्या क्वार्टरमध्येसुद्धा तिनं समोरच्या उंच सेंटरला पाठीनं ढकलत ढकलत रिंगपासून लांब ठेवलं. तिचाच संघ जिंकला. 'बेस्ट प्लेयर'चा चषक द्यायची वेळ झाली तेव्हा आयोजकांपैकी एकजण माझ्याकडे आला आणि त्यानं विचारलं, "टीचर, सगळ्यांत जास्त पॉइंट कोणाचे?" मी कागद बघून नाव सांगितलं. तेच नाव माइकवरून पुकारलं गेलं. नऊ नंबरच्या नावापुढे चार पॉइंट होते. ती टाळ्या वाजवत होती. माझी सही त्या कागदावर आहे, आणि ते मला अजून लागतं.

त्या दिवसापासून मी टेबलावर एक दुसरा कागद ठेवते, स्कोअरशीटवर न येणारं टिपायला. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचे पुरस्कार मी मन लावून बघू लागले ते या दुसऱ्या कागदापायी. निमित्त माझ्या भाच्याचं. धाकट्या बहिणीचा मुलगा इंजिनियरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठात गेला आणि एका रात्री त्याचा फोन आला, "मावशी, आमच्या कॉलेजात सात फूट चार इंचांचा एक मुलगा आहे, तू बघच." तो मुलगा म्हणजे झॅक ईडी. कॅनडातल्या टोरांटोचा, लहानपणी आईस हॉकी आणि बेसबॉल खेळलेला, बास्केटबॉलकडे उशिरा वळलेला. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं तो तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्याआधी असं सलग जमलं होतं ते व्हर्जिनियाच्या राल्फ सॅम्पसनला, १९८१ ते १९८३ या काळात.

आता आमच्या शाळेतली मुलं दर मार्चमध्ये या पुरस्कारासाठी आपापली मतपत्रिका भरतात, अर्थात आमच्यापुरतीच. ती कशी भरायची हे मी त्यांना शिकवते, तेच इथे लिहिते.

पहिली गोष्ट ही समजून घ्या की तिथे 'प्लेयर ऑफ द इयर' हा एक पुरस्कार नाही. देणारे वेगळे, मत देणारे वेगळे, म्हणून पुरस्कारही वेगळे. सगळ्यांत जास्त नाव निघतं ते चार-पाचांचं. एपी या वृत्तसंस्थेचा पुरस्कार १९६१ पासून आहे, पहिला ओहायो स्टेटच्या जेरी लुकसला मिळाला. त्यासाठी मत देतात ते वार्ताहर, जे आठवड्याला पहिल्या २५ संघांची क्रमवारी लावतात. बास्केटबॉलवर लिहिणाऱ्यांच्या संघटनेचा पुरस्कार १९५९ पासूनचा. पहिली दोन वर्षं तो सिनसिनाटीच्या ऑस्कर रॉबर्टसननं जिंकला आणि आज त्या चषकाला त्याचंच नाव आहे. नायस्मिथ चषक अटलांटातला एक क्लब १९६९ पासून देतो, पहिला मानकरी यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाचा लू अल्सिंडर, पुढे जगाला करीम अब्दुल-जब्बार म्हणून माहीत झालेला. हा नायस्मिथ म्हणजे १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएत पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू करणारा मास्तर. तो पीटीचाच शिक्षक होता, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. प्रशिक्षकांच्या संघटनेचा पुरस्कार १९७५ पासून आहे. आणि लॉस एंजेलिसच्या अ‍ॅथलेटिक क्लबचा वुडन पुरस्कार १९७७ पासून. यूसीएलएला बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणाऱ्या जॉन वुडन या प्रशिक्षकाच्या नावानं तो आहे.

बहुतेक वर्षी सगळे एकाच नावावर येतात. येत नाहीत तेव्हा गोंधळून जायचं नाही. २०१६ मध्ये वुडन आणि नायस्मिथ ओक्लाहोमाच्या बडी हील्डला गेले, एपीचा मिशिगन स्टेटच्या डेन्झेल व्हॅलेंटाइनला. कोणी चुकलं नव्हतं. हील्ड हा बहामाचा, लहानशा बेटांच्या देशातला, म्हणून आमच्या मुलांना तो फार जवळचा वाटतो.

वुडन पुरस्काराच्या चषकाकडे जरा थांबून बघा, कारण माझी सगळी पद्धत त्याच्यावर उभी आहे. त्यावर ब्राँझच्या पाच आकृत्या आहेत. एक रिबाउंड घेतेय, एक पास देतेय, एक शूट करतेय, एक ड्रिबल करतेय, एक बचाव करतेय. पाचांत शूटिंगला एकच जागा. माझ्या दुसऱ्या कागदाचे रकाने मी याच पाच आकृत्यांवरून आखले. शिवाय या पुरस्काराला अभ्यासाचीही अट आहे, ग्रेड चारपैकी किमान दोन तरी हवी. शाळेत नोकरी करणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून बरं वाटलं.

तर कागद. वहीचं पान आडवं धरा, पाच रकाने पाडा. वर खेळाडूचं नाव, सामना कोणाशी, घरच्या मैदानावर की बाहेर. मग सामना बघताना फक्त त्याच्याकडे बघा, बॉलकडे नाही. हे सोपं नाही. पहिली दहा मिनिटं डोळे आपोआप बॉलच्या मागे धावतात. पण एकदा जमलं की दिसायला लागतं: नेम चुकायच्या आधीच ईडी कमरेनं समोरच्याला मागे सारून जागा करून ठेवायचा, म्हणून बॉल त्याच्याकडे 'आपोआप' यायचा. त्याच्यावर दोघे तुटून पडले की कोपऱ्यातला साथीदार मोकळा राहायचा, आणि त्या साथीदाराच्या तीन पॉइंटांत ईडीचा वाटा स्कोअरशीटवर कुठेच नसायचा. माझ्या कागदावर त्याची एक रेघ असते. पास चांगला पण साथीदारानं नेम चुकवला, तरी पासच्या रकान्यात रेघ. बचावाच्या रकान्यात मी ब्लॉकपेक्षाही, म्हणजे समोरच्याचा शॉट हातानं अडवण्यापेक्षाही, समोरच्यानं याला बघून शूट करायचं टाळलं आणि बॉल परत फिरवला, ते टिपते. एका खेळाडूचे किमान दोन पूर्ण सामने बघा, त्यातला एक बाहेरच्या मैदानावरचा. दोन-तीन मिनिटांचे हायलाइट्स बघून मत देऊ नका. हायलाइट्समध्ये चुकलेले शॉट नसतात.

सामन्याचा आकड्यांचा तक्ता, ज्याला बॉक्स स्कोअर म्हणतात, तो इंटरनेटवर फुकट मिळतो. तो वाचताना पॉइंटांचा रकाना शेवटी बघा. आधी मिनिटं: कॉलेजचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन हाफचा, एकूण चाळीस मिनिटं. त्यातली किती मिनिटं तो मैदानावर होता? मग किती शॉट मारले आणि किती आत गेले. मग फ्री थ्रो किती मिळाले, म्हणजे समोरच्यांना त्याला फाउल करूनच थांबवावं लागलं का ते कळतं. मग टर्नओव्हर, म्हणजे त्याच्या हातून बॉल किती वेळा समोरच्यांकडे गेला. इतकं झाल्यावर पॉइंट.

उमेदवार कुठून शोधायचे? नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोसम सुरू होतो तेव्हाच नायस्मिथ आणि वुडन दोघेही ५० नावांची यादी काढतात. एवढ्या सगळ्यांच्या मागे लागू नका. जानेवारी-फेब्रुवारीत यादी आखडते. वुडनची २५ वर येते, मग २० वर, शेवटच्या मतपत्रिकेवर १५ नावं. नायस्मिथची ३०, मग १०, मग शेवटचे चार. आम्ही फेब्रुवारीत पाच नावं निवडतो आणि वर्गातल्या मुलांत वाटून घेतो.

वेळेचं गणित गोव्यात बसून नीट करावं लागतं. हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, मग अंतर साडेनऊ तासांवर येतं. म्हणजे तिथला रात्री नऊचा सामना फेब्रुवारीत आपल्याकडे सकाळी साडेसातला, मार्चअखेर साडेसहाला. शाळेच्या दिवशी ते जमत नाही. आम्ही शनिवार धरतो: तिथे दुपारी बारा-दोनला सुरू होणारे सामने आपल्याकडे शनिवारीच रात्री साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान लागतात, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. मुलांच्या आईवडिलांना विचारूनच जागायचं, हा माझा नियम आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, ज्यात नवीन माणूस हमखास फसतो. मत कधी पडतं?

मार्चमध्ये ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू होते. हरला तो घरी. सगळं जग तेव्हाच बघायला लागतं, आणि म्हणून वाटतं की जो तिथे चमकेल तोच वर्षाचा खेळाडू. तसं नाही. एपीची मतं ही स्पर्धा सुरू होण्याआधीच गोळा होतात, निकाल मात्र शेवटचे चार संघ उरले की जाहीर करतात. २०२२ मध्ये केंटकीचा ऑस्कर शीब्वे, मूळचा काँगोचा, सामन्याला सरासरी १५.१ रिबाउंड घेत होता. पहिल्याच फेरीत केंटकी सेंट पीटर्स नावाच्या छोट्या कॉलेजाकडून ओव्हरटाइममध्ये हरली. शीब्वेनं त्या सामन्यात ३० पॉइंट आणि १६ रिबाउंड केले होते. वर्षाचा पुरस्कार त्यालाच मिळाला. पुढच्याच वर्षी ईडीची पर्ड्यू पहिल्या फेरीत फेअरली डिकिन्सनकडून ६३–५८ अशी हरली, पुरस्कार ईडीलाच. भाचा त्या सकाळी फोनवर रडकुंडीला आला होता. मी त्याला म्हटलं, बाबा, चार महिन्यांची मेहनत एका रात्रीनं पुसत नाही. हा वर्षाचा पुरस्कार आहे, रात्रीचा नव्हे. वुडनचं मतदान मात्र स्पर्धेच्या पहिल्या फेऱ्यांपर्यंत खुलं असतं, त्यामुळे तिथे मार्चचाही थोडा वाटा येतो.

आणि शेवटच्या चार संघांतून निवडतात तो 'मोस्ट आउटस्टँडिंग प्लेयर' हा पूर्णपणे वेगळा मान आहे, दोन्हींची गल्लत करू नका. २०१८ मध्ये विलानोवा राष्ट्रीय विजेती झाली. वर्षाचा खेळाडू त्यांचा जेलन ब्रन्सन, पण फायनलला बेंचवरून येऊन ३१ पॉइंट करणाऱ्या डॉन्टे डिव्हिन्चेन्झोला तो शेवटचा मान मिळाला. दोघे एकाच संघातले.

त्या २०१८ च्या मोसमाजवळ मी नेहमी थांबते. ओक्लाहोमाचा ट्रे यंग त्या वर्षी सबंध देशात पॉइंटांतही पहिला होता आणि असिस्टमध्येही, म्हणजे ज्यावर साथीदार पॉइंट करतो अशा पासमध्येही. सरासरी २७.४ पॉइंट, ८.७ असिस्ट. दोन्हींत एकाच मोसमात पहिला असा त्याआधी कोणी झाला नव्हता. ब्रन्सनची सरासरी १८.९. कागदावर बघितलं तर आमच्या त्या फायनलसारखाच प्रश्न: सगळ्यांत जास्त पॉइंट कोणाचे? तिथे मत देणाऱ्यांनी तेवढ्यावर भागवलं नाही. यंगचा संघ मोसमाच्या दुसऱ्या भागात ढासळला आणि १८ जिंकून १४ हरला. विलानोवानं चाळीसपैकी ३६ सामने जिंकले, आणि ब्रन्सन मैदानावर असताना बाकीचे चारही जण आपापल्या जागी चांगले खेळत होते. काहींना वाटेल यंगवर अन्याय झाला. मलाही एकदा तसं वाटलं होतं. नंतर दोघांचे जुने सामने शोधून, पाच रकाने आखून बघितले आणि मी ब्रन्सनच्या बाजूला गेले. तुम्ही करून बघा, तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

म्हणजे संघ जिंकतो की नाही याला वजन आहे, पण तो पहिला आला पाहिजे असं नाही. दुखापतीचंही तसंच. फेब्रुवारी २०१९ मध्ये ड्यूकच्या झायन विल्यमसनचा बूट नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध सामना सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं तेव्हा फाटला, गुडघा मुरगळला आणि तो काही आठवडे बाहेर बसला. तरीही पुरस्कार त्याचाच. जेवढं खेळला तेवढ्यात त्याच्या आसपास कोणी नव्हतं. तो पहिल्या वर्षाला होता, आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला हा मान मिळणं दुर्मीळ. २००७ मध्ये टेक्ससचा केविन ड्युरंट पहिला, मग २०१२ मध्ये केंटकीचा अँथनी डेव्हिस, मग झायन, आणि २०२५ मध्ये ड्यूकचाच कूपर फ्लॅग. मोसम सुरू झाला तेव्हा फ्लॅग सतरा वर्षांचा होता, म्हणजे आमच्याकडे बारावीला बसतो त्या वयाचा. पॉइंट, रिबाउंड, असिस्ट, स्टील (समोरच्याकडून हिसकावलेला बॉल), ब्लॉक या पाचही गोष्टींत तो आपल्या संघात पहिला होता. माझ्या कागदाचे रकाने असे सारखे भरलेले मी क्वचितच बघितलेत.

मतपत्रिका भरायचा आमचा दिवस ठरलेला आहे. ६८ संघ जाहीर होतात तो तिथला रविवार, आपल्याकडे सोमवारची पहाट. शिगम्याचे दिवस असतात, गावात रोमटामेळाची तालीम चालू असते, ढोल शाळेपर्यंत ऐकू येतात. सोमवारी मधल्या सुट्टीत प्रत्येकानं एकच नाव लिहायचं. दोन नावं चालत नाहीत, कारण तिथेही विजेता एकच निवडायचा असतो. नावाखाली तीन ओळींत कारण. कारणात एक तरी गोष्ट अशी हवी जी स्वतः डोळ्यांनी बघितली, आकड्यातून घेतलेली नाही. तारीख घालायची, पाकीट चिकटवायचं, माझ्या कपाटात. नंतर कोणी कितीही चमको, पाकीट उघडून नाव बदलता येत नाही. ही शिस्त नसेल तर एप्रिलमध्ये सगळेच म्हणतात, मला आधीच माहीत होतं.

आणि मग मोकळ्या मनानं स्पर्धा बघायची. २०२४ ची फायनल आपल्याकडे ९ एप्रिलच्या सकाळी होती, नेमका पाडवा. सातच्या सुमारास सामना सुरू झाला. मोबाइल तुळशीवृंदावनाला टेकवून मी गुढीच्या काठीला कडुनिंबाची डहाळी बांधत होते, दारावरून पोदेराचा पों-पों गेला तरी पाव घ्यायचं भान राहिलं नाही. ईडीनं ३७ पॉइंट केले. पण कनेटिकटनं डाव ओळखला होता: ईडीला करू दे काय करायचं ते, बाहेरून शूट करणाऱ्यांना मोकळं सोडायचं नाही. पर्ड्यूचे तीन पॉइंटांचे सात प्रयत्न झाले, एकच आत गेला. ७५–६० ने हरले. ईडी उभा राहिला की कोपऱ्यातला साथीदार मोकळा होतो, हे सबंध वर्ष माझ्या कागदावर रेघांनी लिहिलं होतं, आणि त्या सकाळी तो कोपरा बंद झालेला मी बघितला. गुढी उभारली, भाच्याला फोन केला. पाकिटं उघडली तेव्हा बहुतेकांनी ईडीच लिहिला होता.

२०२५ च्या सतरा पाकिटांपैकी सोळांत फ्लॅग निघाला. एपीच्या ६१ मतांतली ४१ त्याला, उरलेली २० ऑबर्नच्या जोनाय ब्रूमला पडली. नववीतल्या एका मुलीनं ब्रूम लिहिला होता. ती वर्गात सगळ्यांत शेवटी पळते, बोलते कमी. तिचं पाकीट उघडताना वर्ग हसायला लागला, मी त्यांना गप्प केलं आणि तिच्या तीन ओळी मोठ्यानं वाचल्या:

"ऑबर्न ज्या एसईसी गटात खेळतं त्यातले १४ संघ ६८ मध्ये आले, म्हणजे त्याला रोज कठीण पेपर होता. सरासरी दहाच्या वर रिबाउंड. मी दोन सामने बघितले, बॉल सुटला की तो आधी समोरच्याकडे बघतो आणि मग बॉलकडे."

ती शेवटची ओळ मी माझ्या दुसऱ्या कागदाच्या वर, रिबाउंडच्या रकान्यावर, पेनानं लिहून ठेवली आहे.